एकशे चौदा घरांची खबर

अंधेरीतल्या आमच्या गावठाणात कुणी गेलं, की खबर द्यायचं काम अर्बनच्या घराकडे. त्याचे वडील एकशे चौदा घरांची दारं वाजवत फिरायचे, त्यांच्यानंतर अर्बन. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होता. निवृत्त झाला आणि गुडघ्यानं असहकार पुकारला. दुसरा एखादा काम सोडून मोकळा झाला असता. हा पठ्ठ्या साठाव्या वर्षी कोड लिहायला शिकला.

पुतणी नॅटलीनं सुरुवात करून दिली, पुढचं सगळं त्याचं. घरच्यांनी मोबाइलवर फॉर्म भरायचा: नाव, वय, चर्चमधली मिस्सा, म्हणजे अंत्यप्रार्थना, किती वाजता. ते ऑनलाइन शीटमध्ये नव्या ओळीत उतरायचं आणि त्यानं लिहिलेली स्क्रिप्ट घरनंबराप्रमाणे सगळ्यांना मेसेज धाडायची. "नलिनी, सव्वा मिनिट! बाबांना चार तास लागायचे," असं तो मला सांगायचा. मी त्याची शेजारीण, त्यामुळे हे किमान वीस वेळा ऐकलंय.

मार्चमध्ये कार्मेन गेली. तिच्या मुलीनं दुपारी फॉर्म भरला. कार्मेनचा भाऊ ग्लेनरॉय तीन गल्ल्या सोडून राहतो. वडिलांच्या विहिरीजवळच्या जागेवरून दोघांत नऊ वर्षं अबोला होता. तो बाजारात बोंबील घेत होता, तेव्हा फोन वाजला. सगळ्यांना गेला तोच मेसेज: कार्मेन, वय अडुसष्ट, मिस्सा उद्या चार वाजता.

पिशवी घेऊन तो तसाच अर्बनच्या दारात आला. मी तिथेच होते.

"तुझा बाप अबोल्याच्या घरी पहिला यायचा रे! भांडलेल्या माणसाला गर्दीच्या आधी मयताच्या घरी जाऊन येता यावं म्हणून. आणि मला माझी बहीण मेल्याचं मासळीवालीसमोर कळलं. मी मिस्सेला येणार नाही, जा!"

अर्बनला ही रीत पक्की ठाऊक होती. पण शीटमध्ये घरनंबर होता, फोन नंबर होता. अबोल्याचा कॉलम घालायचं त्याला सुचलंच नव्हतं. तो तडक कॉम्प्युटरपुढे बसला. संध्याकाळी त्यानं मला बोलावून नवा कॉलम दाखवला. त्यात ज्या घरापुढे खूण असेल, त्यांना तो स्वतः जाऊन सांगेपर्यंत स्क्रिप्ट कुणालाच मेसेज पाठवणार नव्हती. तीनदा चाचणीही घेतली होती.

"बघ, आता परत नाही असं होणार."

मला रागच आला. "परत त्याची कुठली बहीण मरणार आहे? कोड सुधारलास, झकास. ग्लेनरॉयचं काय?"

"त्याला कळलंय ना आता. आता जाऊन काय सांगू?"

"ते मला काय विचारतोस?"

त्यानं कॉम्प्युटर बंद केला. मग उठून धुतलेला शर्ट घातला आणि माझ्या खांद्याचा आधार घेत निघाला. वाटेत गुडघ्यासाठी दोनदा थांबलो. मला वाईट वाटत होतं, पण परत फिर म्हणायची माझी तयारी नव्हती.

ग्लेनरॉयनं दार अर्धंच उघडलं. अर्बननं माफी मागितली नाही, मेसेजचं नावही काढलं नाही. आपले वडील बोलायचे तसं हळू म्हणाला, "ग्लेनरॉय, जरा बस. आपली कार्मेन गेली रे."

ग्लेनरॉयला हे दुपारपासून ठाऊक होतं. तरी तो उंबऱ्यातच मटकन खाली बसला.

"कधी?" त्यानं विचारलं, आणि मग त्याला रडू फुटलं.