मालन आणि हिरवी वायर

टिटवाळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवा भाडेकरू आला की आम्ही त्याला सांगायचो, पाणी सकाळी सातला येतं, कचऱ्याची गाडी नऊला, आणि गिझर लावताना पायात चप्पल हवी. हे शेवटचंही आम्ही तितक्याच सहज सांगायचो, याची मला आता लाज वाटते. फ्रिजपुढे लाकडी पाट नाही असं घर आमच्याकडे नव्हतं. फ्रिजच्या दाराला हात लावला की झिणझिण्या येतात, म्हणून पाट. सात वर्षं आम्ही पाटावर उभं राहून दूध काढलं आणि असं का, हे एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते मालनने. ती माझ्या समोरच्या दारातली, साताऱ्याकडची, आठवी शिकलेली, पोळ्यांच्या ऑर्डरी घेणारी. तिची ऐश्वर्या पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. ओल्या अंगाची बाळंतीण, हातात तान्हं मूल आणि झटका देणारा नळ, या विचाराने मालनची झोप उडाली. तिने बिल्डरच्या माणसाला, हर्षित इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेटकडे बोट दाखवलं. "काकू, तीन भोकं आहेत ना? म्हणजे अर्थिंग आहे. टेन्शन नका घेऊ. गिझर बदला." मालनने गिझर बंदच करून टाकला. तरी फ्रिजला हात लागला की झिणझिण्या होत्याच.

मग तिने महिपतकाकांना गाठलं. काका मोहन्याच्या कारखान्यात तीस वर्षं वायरमन होते, आणि त्यांचा पोळ्यांचा डबा हिच्याकडूनच जायचा. पंधरा दिवस ते रोज तासभर तिला शिकवत होते. एका वायरमधून वीज येते, दुसरीतून परत जाते. तिसरी, हिरवी, एरवी रिकामी बसते. यंत्र बिघडून वीज त्याच्या पत्र्यावर आली, तर तिला जमिनीत पोचवायचं काम हिरवीचं. हिरवीच जमिनीपर्यंत पोचली नसेल, तर ते काम हात लावणाऱ्याच्या शरीराला करावं लागतं.

काकांनी होल्डरला दोन वायरी जोडून एक बल्ब तयार केला. खालच्या दोन भोकांत वायरी घातल्या, बल्ब लख्ख लागला. मग त्यातली एक वायर वरच्या मोठ्या भोकात घातली. बल्ब लागला नाही, म्हणजे हिरवी कुठेतरी तुटलेली होती.

दोघं हिरव्या वायरीचा माग काढत मीटररूममध्ये उतरली. सगळ्या घरांच्या हिरव्या वायरी तिथे एका पट्टीला जोडलेल्या, आणि पट्टी बाहेर आमच्या गणपतीच्या देवळीकडे गेलेली. सात वर्षांपूर्वी देवळी बांधताना आम्ही अर्थिंगच्या खड्ड्यावरच, म्हणजे पट्टी जमिनीत उतरते तिथेच, चौथरा घातला होता. पट्टी आड येत होती म्हणून कापली होती, आणि कापलेल्या टोकावर छान भगवा ऑइलपेंट मारला होता. म्हणजे कुणाच्या तरी घरात बिघडलेल्या यंत्राची वीज हिरव्या वायरीतून सगळ्या घरांच्या पत्र्यांवर फिरत होती. मालनने स्वतःचा गिझर बंद करून काय होणार होतं?

तिने हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये बल्ब लावून दाखवलं. चेअरमन प्रफुल्लशेठ म्हणाले, "ताई, आता बाप्पाला उठवायचं म्हणता?"

"देवाला हात लावायची गरज नाही," महिपतकाका म्हणाले. "पलीकडच्या भिंतीशी नवा खड्डा घ्या. तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ. एका दिवसाचं काम आहे."

पलीकडच्या भिंतीशी प्रफुल्लशेठची गाडी उभी असते.

"बघू पावसाळ्यानंतर," शेठ म्हणाले. मागून कुणीतरी बोललं की आता पोळ्यावाल्या बाईकडून वीज शिकायची का, आणि लोक हसले. मी तिथेच बसले होते. मी हसले नाही, पण तोंडही उघडलं नाही.

चार महिने मालन शेठच्या घराचे उंबरठे झिजवत होती. शेवटी तिने लेकीला फोन केला, "तू नको येऊस गं. सासरीच राहा." पहिलं बाळंतपण माहेरी, हे तिने लग्नात विहिणीला बजावून सांगितलं होतं. नात लेकीच्या सासरी, कोलशेतला झाली. पहिली अंघोळ विहिणीने घातली.

त्यानंतर वीस दिवसांनी प्रफुल्लशेठची मुलगी निशा बाळंतपणासाठी माहेरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलली होती आणि मजूर खणत होते. संध्याकाळपर्यंत पट्टी जोडून झाली. देव जागेवरच होता, पावसाळा सुरूच होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पट्टी जोडली आणि अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाच घरातल्या गिझरचा एमसीबी, बिघाड झाला की आपोआप बंद होणारा स्विच, खटकन पडला. प्रफुल्लशेठच्या घरातला. सात वर्षं आमच्या पत्र्यांवर फिरणारी वीज त्या घरातून येत होती.

शेठ जिना उतरून मालनच्या दारात आले. "ताई, तेवढं वर येऊन बघता का? हर्षित फोन उचलत नाही. निशाला अंघोळीला..."

मी माझ्या दारातून म्हटलं, "जाऊ नकोस मालन. शिकू देत त्यांना पंधरा दिवस."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चप्पल पायात सरकवली. "नववा महिना आहे तिचा," म्हणाली आणि जिना चढायला लागली. तासभर ती त्यांच्या घरातलं एकेक सॉकेट तपासत होती. खाली आली तेव्हा शेठ मागून थँक्यू म्हणत होते. मालन घरात गेली, दार लावलं आणि फ्रिजला टेकून खाली बसून रडली. दोन घरांमधल्या पातळ भिंतीतून मला ते सगळं ऐकू आलं.