पाळी हवी, पाळत नको

पूनम लोमटेच्या गावाला उन्हाळा आला की टँकर यायचा, आणि पावसाळ्यात विहीर भरली की उड्या मारायचं काम पोरांचं. पोरींनी काठावर उभं राहून त्यांचे कपडे सांभाळायचे. केज तालुक्यातली ही रीत मोडायला पूनमला तेहतिसावं वर्ष उजाडलं. भोसरीच्या पोहण्याच्या तलावात, बायकांच्या वेळेला, ती पहिल्यांदा गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली तेव्हा तिला एवढं हसू फुटलं की शिकवणाऱ्या सुमनताईंना वाटलं, बाई घाबरून रडतेय.

गुरुवारी कंपनीला सुट्टी. निघोज्याच्या भाड्याच्या खोलीवरून चाकणला यायचं, तिथून भोसरीची बस पकडायची, आणि तासभर पाण्यात हातपाय मारून परत. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. लपवावं असं त्यात काही नव्हतंच. पण सांगितलं असतं तर ते सगळ्यांचं झालं असतं. कोण म्हणालं असतं, या वयात कशाला? कोण म्हणालं असतं, अंगावर काय घालतेस? नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला असे प्रश्न विचारायला माणसं टपलेलीच असतात. आठवड्यातला तेवढा एक तास तिला कुणाच्याही तोंडी जायला नको होता.

कंपनी गाड्यांच्या पोटातल्या वायरींचे जुडगे बांधायची. लाइनवर बहुतेक बायकाच, कारण बारीक कामाला बायकांची बोटं चालतात असं साहेब लोक म्हणायचे. मात्र त्या बोटांवर देखरेख करणारा लाइन लीडर कायम पुरुष. हे बदललं ते रात्रपाळीमुळं. बायकांना रात्री कामावर घ्यायची मुभा सरकारनं दिली, पण अट घातली: बाईची स्वतःची लेखी संमती हवी, आणि तिला सुखरूप आणण्या-पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. कंपनीनं बायकांची रात्रपाळी उभी केली आणि तिची लाइन लीडर म्हणून पूनमला नेमलं. पाठीवर नाव लिहिलेलं निळं जॅकेट मिळालं त्या सकाळी ती ते घालूनच झोपली.

आणि मग 'सोबत' आलं.

'सोबत' हे कंपनीनं बायकांच्या फोनमध्ये घातलेलं ॲप. एचआरच्या दिव्या मॅडमनी कँटीनमध्ये पडद्यावर ते समजावून सांगितलं होतं. वाकडला राहणारी, मनानं चांगली बाई. बोलताना सगळ्यांना 'अगं' म्हणायची. "तुमच्या सुरक्षेसाठी आहे गं. सरकारचा नियमच आहे, आम्हाला तुमची काळजी घ्यावीच लागते." ॲप चालू असलं तरच कंपनीच्या बसमध्ये जागा. ते दिवसरात्र चालू ठेवायचं. आणि त्यात एका पालकाचा नंबर भरायचा.

"पालक?" पूनमनं विचारलं होतं. "मला तेहतीस चालू आहे, मॅडम."

"म्हणजे घरातलं कुणीतरी. वडील, भाऊ, मिस्टर."

वडील नव्हते. मिस्टरांचा विषय संपलेला. तिनं गावाकडच्या भावाचा, रविराजदादाचा नंबर टाकला आणि संमतीच्या कागदावर सही केली. रात्रपाळीची संमती आणि ॲपची संमती एकाच सहीत उरकली होती, हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही.

ज्या गुरुवारी सगळं घडलं त्या दिवशी ती पाठीवर तरंगायला शिकत होती. कान पाण्याखाली, डोळे वर पत्र्याकडं, आणि डोक्याखाली सुमनताईंचा हात. फोन बाहेर कपड्यांच्या पिशवीत. 'सोबत'ला एवढंच कळलं की ही बाई अनोळखी ठिकाणी आहे, हलत नाही, आणि पडद्यावर विचारलेल्या 'ठीक आहात ना?' या प्रश्नाला उत्तर देत नाही. त्यानं कंपनीच्या सिक्युरिटीला कळवलं, आणि त्याच दमात पालकालाही कळवलं.

सुमनताईंनी हात काढून घेतला होता. पूनम तरंगत होती, एकटी, आपल्या जिवावर. तेवढ्यात दाराशी पुरुषी आवाज चढला. "पूनम लोमटे कोण आहे? पूनम लोमटे!"

ती दचकली, नाकातोंडात पाणी गेलं. खोकत तिनं कठडा धरला. कंपनीच्या गणवेशातले दोन गार्ड थेट आतल्या दारापर्यंत आले होते. पाण्यातल्या बायका खांद्यापर्यंत बुडून बसल्या, एकीनं पोरीला पोटाशी ओढलं.

"बायकांची वेळ आहे ही! मागं व्हा!" सुमनताई ओल्या अंगानंच त्यांना आडव्या गेल्या.

"ताई, इमर्जन्सी आहे. बाई गायब झाल्याचा अलर्ट आलाय."

"गायब कुठं झालीय? पोहतेय ती! आता बाहेर निघा."

ते निघाले, पण जाताना एकानं मोबाइल वर धरून फोटो काढला. 'बाई सापडली' याचा पुरावा कंपनीला पाठवायचा असतो म्हणे. ओल्या केसांची, कठड्याला धरून खोकणारी पूनम त्या फोटोत कायमची अडकली. तिनं कपडे बदलले, फोन पाहिला. दादाचे इतके कॉल येऊन गेले होते की पडदा खाली सरकवून सरकवून बोट दुखलं. तिनं त्याला लावला, तर तो लागेना. तो तोवर एस्टीत बसला होता, आणि त्याच्या फोनची बॅटरी संपली होती.

सुट्टी संपून गुरुवारी रात्रीच पुन्हा पाळी लागायची. शुक्रवारी सकाळी ती पाळी संपवून खोलीवर आली, तर रविराज पायरीवर बसलेला. घरमालकीण दुर्गाबाई येळवंडे त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून उभ्या होत्या आणि त्यानं तो उचलला नव्हता. डोळे सुजलेले. बहिणीला धडधाकट बघून त्याला आधी हुंदका आला, आणि मग तोच हुंदका रागावर गेला.

"काय करायलीस तू इथं? आईनं अन्नाला हात लावला नाही. गावात सगळ्यांना कळालं, पूनी गायब झाली म्हणून. मी वाटेत काय काय डोक्यात आणलं तुला काय सांगू. आन कंपनीच्या गेटवरचा गार्ड म्हणतो, तू पोहायलीस?"

"व्हय. पोहायले."

"लाज वाटत नाही?"

"वाटली ना. काल ते दोन गडी आत आले तवा वाटली. पोहायची न्हाई वाटली."

"सामान बांध. चल घरी."

पूनम त्याच्या शेजारी पायरीवर बसली. रात्रभर उभं राहून पाय सुजले होते. तिला दादाचा राग येत नव्हता. लहानपणी तापात असताना यानंच तिला खांद्यावर घालून अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं होतं. तो घाबरला होता हे खरंच होतं.

"दादा, मला काही झालं नव्हतं. तरी तू रात्रभर मेल्यासारखा आलास. तुला हे भ्या कुणी घातलं? मी घातलं का?"

त्यानं बंद पडलेला फोन खिशातून काढून पायरीवर ठेवला.

"तुला माझी खबर पाहिजे तर मला फोन कर. मी पाण्यात असले तर तासानं उचलीन. पण माझी खबर तुला तिसऱ्यानं विकायची न्हाई."

"अन् तुला खरंच काही झालं तर?"

"झालं तर झालं. तू बाहेर जातोस तवा आई तुझ्या गळ्यात घंटा बांधती का?"

दुर्गाबाई इतका वेळ कानच होऊन उभ्या होत्या. आता त्यांना राहवेना. "पावणं, एक सांगू का? आमच्या जमिनी ह्या कंपन्यांत गेल्या. तवा बी म्हनले, तुमच्याच भल्याचं हाय. माझी सही न्हाई इचारली कुनी, सासऱ्याची घेतली. ही पोरगी सवताच्या सहीनं जगतीय. तिला न्हेऊ नका. चहा प्या."

रविराजनं गार झालेला चहा प्यायला. दुपारच्या गाडीनं तो परत गेला, अजून घुश्शातच. पण सामान बांध असं पुन्हा म्हणाला नाही.

तो गेल्यावर पूनमनं फोन काढला आणि 'सोबत' पुसून टाकलं. संध्याकाळी बसच्या दारात ड्रायव्हरनं हात आडवा केला. ती शेअर रिक्षानं कंपनीत गेली. गेटवर अडवलं, तेव्हा म्हणाली, "माझं कार्ड चालतंय का बघा. चालतंय? मग मी कामाला आलेय." तिला आत सोडलं, पण शिफ्टच्या शेवटी एचआरला भेटायचा निरोप मिळाला.

रात्री जेवणाच्या सुट्टीत तिनं लाइनवरच्या बायकांना सगळं सांगितलं, फोटोसकट. तिला वाटलं होतं, हसतील. कुणी हसलं नाही. दीक्षा नावाची पोरगी होती, जेमतेम बाविशीची, ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, मी मुक्त विद्यापीठातून बीए करते. घरी माहीत नाही. कळलं तर लग्न लावून देतील." मग एकेक तोंड उघडत गेलं. एकीचं लेकरू सासरी होतं. ती शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून त्याला बघून यायची. एक दर गुरुवारी पिंपळे सौदागरच्या मॉलमध्ये जाऊन नुसती गारव्यात बसायची. तिच्याकडं लपवण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तीच सगळ्यात जास्त चिडली. "मी कुठं बसते ते माझ्या सासऱ्याला कशाला कळायला पाहिजे?"

प्रत्येकीला कुठंतरी जायचं होतं.

"मग काय करायचं?" दीक्षानं विचारलं.

"रात्रपाळी सोडायची नाही," पूनम म्हणाली. "ती आपल्याला उशिरा मिळाली. पण पाळीच्या बदल्यात पाळत घेऊ नका. पाळी हवी, पाळत नको."

मग कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं, "अगं बाई, पाळी हवी?" आणि सगळी कँटीन खिदळायला लागली. डबे हातातच राहिले, डोळ्यांतून पाणी आलं. वाढपी बिचारा कावराबावरा होऊन आत निघून गेला. त्या हसण्यात भीती कुठं सांडून गेली कुणालाच कळलं नाही. दीक्षानं पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर ते चार शब्द मार्करनं मोठ्ठे लिहिले.

सकाळी पाळी सुटली, बस लागल्या, पण बायका बसमध्ये चढल्या नाहीत. कँटीनमध्येच बसून राहिल्या. पुठ्ठा टेबलावर उभा. दिव्या मॅडम आल्या, पुठ्ठा वाचला आणि नको तिथं त्यांनाही हसू आलं. ते त्यांनी चटकन गिळलं.

"पूनम, काय चाललंय हे? सुरक्षेशी खेळ नाही करता येत गं. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"तुम्ही, मॅडम. नियमानं तुम्हीच. बस द्या, गार्ड द्या, रस्त्यावर दिवे लावा. ते सगळं घ्यायला आम्ही तयार आहोत. पण पाळी सुटल्यावर, सुट्टीच्या दिवशी मी कुठं जाते ह्याच्याशी कंपनीचा काय संबंध? आणि माझ्या भावाचा तरी काय?"

"तू संमती दिलीस ना? सही आहे तुझी."

"दिली होती. रात्रीच्या कामाची ठेवते. पाळतीची परत घेते."

"असं अर्धं नाही घेता येत."

"का नाही घेता येत? दोन वेगळ्या गोष्टी तुम्हीच एका सहीत कोंबल्या. सरकारनं बाईची संमती मागितलीय. बाईच्या भावाची नाही."

दिव्या मॅडमनी धमकी दिली: मग सगळ्यांची रात्रपाळी बंद होईल, लीडर पुन्हा पुरुष होतील, बघा परवडतंय का. ती धमकी पोकळ नव्हती, हे पूनमलाही कळत होतं. पण मागून बाकांचा आवाज झाला. मॉलमध्ये बसणारी ती बाई उठली होती, हातात फोन घेऊन. मॅडमच्या समोर तिनं ॲप पुसलं आणि फोन टेबलावर उताणा ठेवला. मग दुसरी उठली. मग दीक्षा.

"मॅडम," पूनम म्हणाली, "एवढं चांगलं असेल तर आधी तुम्ही घाला. साहेबांना पण घालायला सांगा. त्यांच्या मिसेसला मेसेज जाऊ दे, साहेब सुट्टीत कुठं असतात ते."

सकाळच्या पाळीचे गडी दारात जमले होते. त्यांतला कुणीतरी टाळी वाजवायला लागला.

बोलणी लांबली. बायका तीन दिवस शेअर रिक्षांनी आल्या, कामात मात्र एका वायरीची चूक होऊ दिली नाही. ग्राहक कंपनीचे लोक पाहणीला येणार होते. त्यांच्यासमोर तो पुठ्ठा नको होता, म्हणून वरून हुकूम आला. 'सोबत' बसमध्ये चढल्यापासून दारात उतरेपर्यंतच चालेल. पालकाचा रकाना काढून टाकला. अडचणीत कुणाला कळवायचं ते बाईच ठरवेल, कुणालाच नको म्हणाली तरी चालेल. तो फोटो पुसल्याचं पूनमला तोंडी सांगण्यात आलं. तिनं ते लेखी मागितलं. अजून मिळालेलं नाही, आणि दर महिन्याला ती नव्यानं मागते.

निळं जॅकेट मात्र गेलं. 'शिस्तीच्या कारणास्तव' तिला पुन्हा साधी ऑपरेटर केलं. जॅकेट परत देताना तिला रडू आलं, हे खोटं कशाला सांगायचं. संडासात जाऊन ती पोटभर रडली, तोंड धुतलं, आणि लाइनवर उभी राहिली.

पुढं दिवसपाळीच्या लाइन लीडरची जागा निघाली. आजवर त्या जागेवर बाई बसली नव्हती. पूनमनं अर्ज केला. मुलाखतीला प्लँट हेड होते, शेजारी दिव्या मॅडम. काम, माणसं, मशिन, सगळं विचारून झाल्यावर साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"पूनम, खरं सांगा. पुन्हा असा गोंधळ घालणार का?"

दिव्या मॅडम तिच्याकडं बघून हळूच मान हलवत होत्या, नाही म्हण, नाही म्हण.

"गरज पडली तर घालीन, साहेब," पूनम म्हणाली.

ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. पुढची निघाली तेव्हा अर्जांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर तिचाच अर्ज होता, आणि त्याच्याखाली दीक्षाचा.