फॅमिली रूमचा पडदा

मुलुंडच्या उडुपी हॉटेलात एक आफ्रिकी विद्यार्थी माझ्यासमोरच्या रिकाम्या खुर्चीशी आला, तसा मॅनेजर धावला. "इधर नहीं, फॅमिली रूम में बैठो."

कसली फॅमिली? तो एकटाच होता! गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून त्याला पडद्याआड घातलं. माझ्या पिशवीत वर्णभेदाविरुद्धची पत्रकं होती, तोंडात इडली. मी पुढचा तुकडा सांबारात बुडवला.

थोड्या वेळानं तो स्वतःच थाळी उचलून बाहेर आला, माझ्यासमोर बसला आणि सराईत बोटांनी भात कालवू लागला. "परदेशात हॉटेलातलं हे माझं पहिलंच जेवण," तो इंग्रजीत म्हणाला. "आमच्याकडे एकट्यानं जेवत नाहीत."

मॅनेजर पुन्हा आला. "साहेब, तुम्हाला चालेल ना?"

"मला काय विचारतोस?" मी ओरडलो. "त्याला विचार, माझ्यासारख्यासोबत जेवायला चालेल का!"