माझ्यामागे झाडलेलं अंगण

मी आसगावच्या घरातून विलायतेला निघाले, तेव्हा आईने माझ्यामागे अंगण झाडायला घेतलं. बाबा माझी पेटी घेऊन पुढे, मी फाटकाशी आणि पाठीमागून खराट्याचा आवाज. मुलांनो, तुम्हाला हे ठाऊक नसेल. आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की लगेच झाडत नाहीत. प्रेत उचलल्यावर झाडतात.

मी थांबले. आईने मान वर केली नाही.

"चाल वं, पवनीची बस चुकन," बाबा म्हणाले.

सत्तरचं दशक होतं. विमान अभियांत्रिकीच्या आमच्या वर्गाला इंग्लंडमधल्या एका विमान कारखान्यात काही महिने शिकायला पाठवलं होतं. मुलगी मी एकटीच. पहिल्या सकाळी विमानं ठेवायच्या हँगरमध्ये तिथल्या साहेबांनी प्रत्येकाच्या हाती झाडू दिला. आमच्या वर्गातली मुलं हसली, "घ्या मॅडम, हे तुमचं खातं!" आणि सगळे झाडू माझ्यापुढे टाकून मोकळी झाली. साहेब म्हणाले, जमिनीवर राहिलेला एक रिव्हेट, पत्रे जोडायचा एवढासा खिळा, इंजिनाने ओढून घेतला तर आतली पाती फुटतात, म्हणून विमान निघण्याआधी झाडायचं. तिथे विमान निघण्याआधी, आमच्याकडे प्रेत निघाल्यावर. मी रोज झाडत होते आणि कानात आईचा खराटा वाजत होता.

इंजिन उघडून पुन्हा जोडण्यात माझा हात बसला. परतायची वेळ आली तेव्हा साहेबांनी मला विचारलं, इथेच राहून पुढचं शिकतेस का? वसतिगृहात जागा होती, कारखान्यात काम होतं. मुलांपैकी कोणालाही विचारलं नव्हतं. मी तिथल्या तिथे नाही म्हणाले. आईने मला मेलेली धरलं होतं. तिच्यापुढे जिवंत जाऊन उभं राहायचं होतं.

तशी उभी राहिले. अंगणात मांडव पडला होता. "फारेन रिटर्न आहे पोरगी," बाबा पाहुण्यांना सांगत होते. माझी लाखांदूरची सोयरीक मला न सांगता, मी निघण्याआधीच ठरली होती. माझी विलायत हा त्यांच्या लेखी अंगावर घालायचा एक दागिना होता. हे आईला ठाऊक होतं, पण तोंड उघडायची तिला सोय नव्हती.

ती मागच्या दारी भेटली, हातात हळदीची वाटी. "कायले आली वं वापस? तुह्या मांगं आंगन झाडलं होतं न मी! तू परत येऊ नाही म्हनून झाडलं. एवढी शिकली, अन् एवढं नाही समजलं तुले?"

तिने मला जवळ घेतलं नाही. वाटी घेऊन आत गेली.

सासरी माझं नाव 'विमानवाली' पडलं. "विमानवाली, चूल पेटव. काय वं विमानवाली, भात करपला का उडाला?" सगळे हसायचे, तुमचे आजोबाही. त्यानंतर मी विमान पाहिलं ते अंगणातूनच, मान वर करून.

मागच्या सुट्टीत तुम्ही तक्रार केलीत, आमची गाडी वळणावर पोचायच्या आत आजी झाडायला लागते, आम्ही गेल्याचा एवढा आनंद होतो का? आजीला कचरा खपत नाही, असं तुमच्या आईने सांगितलं. तेही खरं नाही.

या घरात माझं म्हणावं असं आता तेवढं अंगणच. तुम्ही निघालात की मी ते झाडणार. आवाज आला तर थांबू नका.