मोबाइलवाली डॉक्टरीण

आमच्या नव्या डॉक्टरणीइतका अस्वस्थ जीव रत्नागिरी तालुक्यात दुसरा जन्मला नसेल. परीक्षा पास होऊन ती सरळ आमच्या गावच्या आरोग्यकेंद्रात आली, आणि औषधांच्या खिडकीत बसून जन्मात वळवली नव्हती एवढी मान मी त्या वर्षात वळवली. आता टेबलाशी, आता दारात, आता आवाराच्या कुंपणाला घातलेल्या चिऱ्याच्या गडग्यावर उभी. कारण मोबाइलला रेंज फक्त त्या गडग्यावर. पेशंटची छाती तपासायची, "आलेच हं" म्हणून गडग्यावर चढून वाचायचं, परत येऊन पुन्हा छाती तपासायची. जेवताना एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात खरजेचे फोटो. नर्सबाईंनी शेवटी आपला डबा माझ्या खोलीत हलवला. चिठ्ठी वाचून मी गोळ्यांना हात घालावा, तर ही खिडकीशी हजर. "काका, थांबा! किडनीचा त्रास असेल तर ही चालत नाही. एकदा बघून येते."

लोकांना हे काही कळेना. "काय गो बाय," एका आजींनी तोंडावर विचारलं, "मी हितं खोकतंय नि तू कोनाला मेसेज करतेस?"

"आजी, तुमच्या खोकल्याबद्दलच वाचतेय."

आपला खोकला मोबाइलात आलाय, हे आजी गावभर सांगत सुटल्या.

मग एका सकाळी काजूच्या बागेत वाळक्या पानांचा पातेरा गोळा करताना एका माणसाला फुरसं चावलं. भावाने त्याला पाठीवर घालून आणलं. पाय सुजून टणक झाला होता. मोठ्या डॉक्टरांची जागा तेव्हा रिकामीच होती. हिने रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं आणि सांगितलं, "नळीला कोणी हात लावायचा नाही. रक्त गोठलं नाही, तर विष भिनलंय समजायचं." वीस मिनिटं थांबणं भाग होतं. तिने मोबाइल काढला, त्यात साठवून ठेवलेलं पान उघडलं. भावाने तो हिसकावलाच.

"माजा भाऊस मरतोय नि ही मोबाइल बघतेय!"

तिने मोबाइलसाठी हात पुढे केला. "दादा, विषावरचं इंजेक्शन किती द्यायचं, ते बाधलं तर काय करायचं, ते त्यात आहे. मी आजवर एकदाही दिलेलं नाही. मला अंदाजाने द्यायचं नाहीये."

तो स्क्रीनकडे बघत राहिला. मग मोबाइल तिच्या हातात ठेवून म्हणाला, "वाच. पन मोठ्यान वाच."

तिने वाचलं. इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठीत सांगत, आणि भाऊ प्रत्येक वाक्याला मान हलवत. सांगेल ते औषध मी आणि नर्सबाई ट्रेमध्ये मांडत गेलो. वेळ भरल्यावर तिने नळी तिरपी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. तिने सलाइनमधून इंजेक्शन सुरू केलं, मग अँब्युलन्समध्ये त्याच्या शेजारी बसून रत्नागिरी गाठली.

काही दिवसांनी तो माणूस आपल्या पायांनी चालत आला. ही त्याच्यासमोर जमिनीवर बसली, घोटा दाबून बघितला, बोटं हलवायला लावली. मग माझ्याकडे वळली. डोळे भरले होते.

"काका, पुस्तकातलं खरंच असतं हो!"

मी हसलो. पण त्या सकाळी ही पोर किती घाबरली होती, ते मला तेव्हा कुठे कळलं.

आता ती मुंबईत पुढचं शिकते. तिथे अडलं की विचारायला मोठी माणसं असतील. असावीत, एवढंच मनात येतं.