न दुखलेला खांदा

माझा उजवा खांदा कधीच दुखत नव्हता. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. त्या खोट्यापायी माझा जीव जाता जाता राहिला, म्हणून आज लिहितोय.

अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेलं हृदयाचं चित्र, संपली आणि डॉक्टर म्हणाले, "ट्रिपल व्हेसल डिसीज. तिन्ही मुख्य वाहिन्या अडल्यात. बायपास करावी लागेल." मला काही कळेचना. मी पिढीजात तांबट, बावन्न वर्षांचा. हातोडा चालवणाऱ्याला हे दुखणं होत नाही, अशी आमच्याकडे समजूत.

पण मी हातोडा चालवतच नव्हतो. अकरा वर्षांपूर्वी खांदा गेल्याचं सांगून कसब्यातल्या आमच्या दुकानात गल्ल्यावर बसलो. धाकटा भाऊ विलास नुकताच कारखान्यात कायम झाला होता. ती नोकरी सोडून तो माझ्या जागी ठोके मारायला बसला. मला पंख्याखाली बसायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं.

ताट मात्र तेच राहिलं. दिवसभर तांबं ठोकणाऱ्याला तीन भाकऱ्या, वर तूप-गूळ. दोघं शेजारी बसून तेवढंच जेवायचो.

यंदा जिना चढताना डाव्या खांद्यात कळ येऊ लागली. चौकातल्या नव्या डॉक्टरांनी काम विचारलं. "तांबट," म्हणालो. "मग ओढ बसली असेल," म्हणून त्यांनी मलम दिलं. दिवसभर गल्ल्यावर बसतो, हे मी सांगितलं नाही. संध्याकाळी विलास दमल्या हातांनी ते चोळायचा. एकदा थांबला.

"दादा, तुझा उजवा दुखायचा ना?"

"आता हा दुखतोय. चोळ गुपचूप."

"अकरा वर्षं लागली इकडून तिकडे यायला. वाटेत सिग्नल लागला असेल."

कळ जिना चढतानाच येते, हे ऐकून दुसऱ्या दिवशी तोच मला ओढत हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि तिथं ती अँजिओग्राफी झाली.

सख्ख्या भावाचीही तपासणी हवी, म्हणून दोघांचं बॉडी कॉम्पोझिशन केलं. शरीरात चरबी किती, स्नायू किती, ते त्यात कळतं. वजन दोघांचं सारखंच, अठ्ठ्याहत्तर किलो. चरबी माझ्यात त्याच्या दुप्पट. आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "अहो, हातोडा का सोडलात?"

"खांदा गेला," मी तिथंही म्हणालो.

डॉक्टरांनी दोन्ही हात वर करायला लावले, दाबून पाहिलं. "उजवा ठणठणीत आहे. जुन्या दुखापतीची काही खूण नाही." माझे हात तसेच वर राहिले.

विलास म्हणाला, "चला, एक तरी शाबूत आहे." आणि ऑपरेशनचे कागद भरायला बाहेर गेला. त्यानंतर त्यानं तो विषय काढलेला नाही.

बायपास झाली. आता रोज तासभर चालतो, एकच भाकरी खातो. माझ्यासारख्यांना सांगतो, डॉक्टरांनी काम विचारलं तर दुकानाच्या पाटीवरचं सांगू नका. दिवसभर अंग किती हलतं, ते सांगा. आणि वजनकाट्याच्या भरवशावर राहू नका.

ठोक्यांनी विलासला एका कानानं कमी ऐकू येतं. कारखान्यातले त्याचे सोबती आता साहेब झालेत. त्याच्या समोर बसून, त्याला नीट ऐकू येईल अशा आवाजात, मी खोटं बोललो होतो हे सांगणं आणि माफी मागणं माझ्याकडून अजून बाकी आहे.