विहिरीच्या पाण्यासाठी बर्फ

माणसाला आणि जनावराला दिलेली औषधं शेवटी पाण्यात उतरतात. किती उतरतात हे बघायला मी जुन्नर-आंबेगावच्या विहिरींचं पाणी गोळा करत हिंडायचे. ते गडद काचेच्या बाटलीत भरून, बर्फाच्या पेटीतून पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायचं. पाणी थंड राहिलं नाही की त्यातले जंतू औषध मोडून टाकतात, त्याचा माग पुसला जातो आणि वाईट पाणी चांगलं ठरतं.

पिंपरी पेंढारला एका काकूंच्या विहिरीवर बाटली भरली आणि आमच्या जीपनं मान टाकली. ड्रायव्हर पार्ट आणायला आळेफाट्याला गेला तो गेलाच. दुपारी पेटी उघडली तर बर्फाचं पाणी झालेलं. गावात सकाळपासून लाईट नव्हती. काकूंच्या ओट्यावर बसून मी जीपला, ड्रायव्हरला आणि वीजवाल्यांना मनसोक्त शिव्या घातल्या.

काकूंची गाय नुकतीच व्यायली होती, चीक आळीत वाटायचा होता. असं काही घरी आलं की भांडं रिकामं परत करायचं नाही, चिमूटभर साखर तरी घालायची, ही तिकडची रीत. काकूंनी तांबे भरले आणि सुनेला सांगितलं, "समद्यांना म्हणावं, साखर नको, बर्फ घाला."

मला हसू आलं. पण तांबे परत येऊ लागले. कुणी फ्रीजरच्या कडेचा खरवडून दिला, कुणी ट्रेच उपडा केला. दुकानदारानं गोठलेले पेप्सीकोले धाडले. पेटी भरली आणि माझे डोळेही.

निकाल आला. काकूंच्याच विहिरीत कोंबड्यांना देतात ते औषध सापडलं. ज्यांनी पाणी राखलं त्यांनाच हे सांगायला मी गेले. घरी सून तान्ह्या लेकीला पाणी घातलेलं वरचं दूध पाजत होती.

"उकळून देतो की आमी पाणी," काकू म्हणाल्या.

"उकळून जंतू मरतात, औषध जाईलच असं नाही, काकू."

काकूंनी विचारलं, "त्या दिशी बर्फ घावला नसता तर?"

"पाणी चांगलं आहे असं आलं असतं."

काकूंनी सुनेच्या हातातली वाटी घेतली, दूध मोरीत ओतलं आणि चपला घातल्या.

"चल माझ्यासंगं. ज्यांनी बर्फ दिला, त्यांची पोरंबी ह्याच विहिरीचं पित्यात."